ग्रामसभा कोणी चालवायची?

ग्रामसभेत प्रश्न सरपंचाला विचारायचे असतात आणि ते विचारायची परवानगीही सरपंचच देतो. आधी कोण बोलणार, कोणाला किती वेळ मिळणार, कोणाचा मुद्दा विषयाला धरून आहे आणि कोणाचा नाही, हे सगळे त्याच माणसाच्या हातात असते, ज्याच्या कारभाराचा हिशेब घ्यायला गाव जमलेला असतो. गोव्यातील १९१ पंचायतींत ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातला विचित्रपणा आता कोणाला जाणवतही नाही. माझे म्हणणे सरळ आहे. सरपंचाने अध्यक्ष राहावे, उत्तरे द्यावीत, ठरावावर सही करावी. पण सभा चालवण्याचे काम दुसऱ्या माणसाकडे द्यावे, आणि तो माणूस त्या कामासाठी रीतसर तयार केलेला असावा.

७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली आणि पुढच्याच वर्षी गोव्याने आपला पंचायत राज कायदा केला. गावाच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य, अशी ही साधी आणि फार मोठी कल्पना आहे. विधानसभेत आपण आमदार पाठवतो, पंचायतीवर पंच निवडून देतो. ग्रामसभेत मात्र आपण स्वतः बसतो. आपल्या लोकशाहीत अशी जागा दुसरी नाही. म्हणून तिथे कोण बोलू शकतो आणि कोण तोंड मिटून घरी जातो, या प्रश्नाची मला मनापासून काळजी वाटते. मी गेली कित्येक वर्षे डिचोली आणि फोंडा तालुक्यांत वाचनगट आणि महिला मंडळांच्या बैठका घेते. तिथे घडाघडा बोलणारी बाई रविवारच्या ग्रामसभेत मागच्या भिंतीला टेकून उभी राहते, आणि विषय तिच्याच वाड्यातल्या पाण्याचा असला तरी एक शब्द काढत नाही. बाई तीच आहे. बदलली आहे ती तिच्या भोवतालची सभा.

सभेत सुरक्षित वाटणे म्हणजे काय, हे आधी नीट ठरवले पाहिजे, कारण हा शब्द ऐकला की लोकांना मऊ गाद्या, गोड बोलणे आणि टाळ्या आठवतात. माझ्या लेखी त्याचा अर्थ इतकाच: बोलायला उठलेल्या माणसाचा अपमान होणार नाही, त्याचे बोलणे मध्येच तोडले जाणार नाही, आणि सभा संपल्यावर त्या बोलण्याची किंमत त्याला मोजावी लागणार नाही. पहिल्या दोन गोष्टी सभागृहातल्या आहेत. तिसरी बाहेरची आहे आणि गावात तीच सगळ्यांत जड असते.

पंचायतीकडे माणसाची कितीतरी कामे अडकलेली असतात. घर क्रमांक, रहिवासी दाखला, वीज-पाण्याच्या जोडणीसाठी ना हरकत दाखला, घराची डागडुजी करायची तर परवाना. ज्याचा अर्ज कार्यालयाच्या कपाटात पडून आहे तो माणूस भर सभेत सरपंचाला कचऱ्याच्या कंत्राटाचा हिशेब विचारणार नाही. विचारू नये असे त्याला कोणी सांगितलेले नसते, सांगावे लागतही नाही. मुंडकाराचे, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीवर घर करून राहणाऱ्या माणसाचे, तसेच. १९७५ च्या कायद्याने त्याला घरातून हुसकावण्यापासून संरक्षण दिले. तरीही ज्याचे प्रकरण मामलेदाराकडे अजून रेंगाळते आहे, तो पहिल्या रांगेत बसलेल्या भाटकाराच्या जमिनीबद्दलच्या ठरावावर हात वर करायच्या आधी चार वेळा विचार करतो. लग्न होऊन गावात आलेल्या सुनेसमोर सभागृहात तिचे सासरे बसलेले असतात, दीर असतो, जावेचे माहेरचे लोक असतात. तिने वाड्यावरच्या दारूच्या दुकानाबद्दल तक्रार केली तर ती संध्याकाळी स्वयंपाकघरात तिच्याकडे परत येणार असते. गावडा, कुळंबी, वेळीप या समाजांना २००३ मध्ये अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला, आरक्षित जागांवर त्यांचे पंच निवडून येऊ लागले, पण ग्रामसभेतील खुर्च्यांची मांडणी अजून जुन्या गावाचीच आहे. कोण पुढे आणि कोण दाराशी, हे पाहिले की गावाचा इतिहास समजतो.

आणि मग सभागृहातले ते एक वाक्य, जे आपण सगळ्यांनी ऐकले आहे: ‘तुका कितें कळटा गो, बस सकयल!’ (तुला काय कळते ग, खाली बस!) ते म्हणणारा बहुधा सरपंच नसतो, सरपंचाच्या बाजूचा कोणीतरी असतो. सरपंच ते ऐकतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो. ते वाक्य एका बाईला उद्देशून असते, पण ते ऐकून बोलायचा विचार सोडून देणाऱ्या दहा जणी असतात, आणि त्यांची नोंद कुठल्याच इतिवृत्तात होत नाही.

यावर गोव्यातला जाणकार माणूस मला लगेच अडवील, आणि त्याचा मुद्दा हलका नाही. तो म्हणेल, गोवा वाचला तो आरडाओरडीमुळे. २०११ सालापर्यंतच्या जमीनवापराचा प्रादेशिक आराखडा जानेवारी २००७ मध्ये सरकारने रद्द केला, त्याच वर्षाच्या अखेरीस विशेष आर्थिक क्षेत्रांचा बेत गुंडाळावा लागला. सत्तरी तालुक्यातल्या शेळ-मेळावलीच्या लोकांनी जानेवारी २०२१ मध्ये आयआयटीचा प्रकल्प आपल्या जमिनीवरून परत पाठवला. हे सगळे शांतपणे हात वर करून, ‘माझी पाळी आली का’ असे विचारत झालेले नाही. गाव संतापला, एकवटला, ओरडला, म्हणून झाले. तुमच्या त्या शिकलेल्या सभाचालकाच्या हाती सभा दिली तर तो लोकांचा राग थंड करून सरकारला सोयीचे करून देईल.

ही भीती मी खरी मानते. ‘शांततेत चर्चा करा’ हे शब्द सत्तेवर असलेल्यांच्या तोंडी किती वेळा येतात आणि कशासाठी येतात, हे या भूमीत सांगायची गरज नाही. पण याच उदाहरणांकडे जरा जवळून पाहावे. मेळावलीच्या मोर्च्यात बाया पुढे होत्या, पोलिसांसमोर उभ्या होत्या. मग गोव्यातल्या इतक्या ग्रामसभांत बाया मागे का असतात? मोर्च्यात आजूबाजूला आपलीच माणसे असतात, रोख एकाच दिशेला असतो आणि एकीच्या आवाजाला शंभर जणींचा आधार असतो. ग्रामसभेत बाई एकटी उठते, आणि समोर शेजारी असतात. तिथे मोठ्या आवाजाचा फायदा ज्याच्याकडे आधीच आवाज आहे त्यालाच होतो. चांगल्या चाललेल्या सभेत राग असतो, भांडण असते, सरपंचाला घाम फुटेल असे प्रश्न असतात. फरक एवढाच की तो राग चार-पाच घसे बसलेल्या माणसांपुरता राहत नाही. ज्यांना रागावण्याचे सर्वांत जास्त कारण आहे त्यांच्यापर्यंत माइक पोचतो. शिवाय सगळे मिळून आरडाओरडा करतात तेव्हा सचिव इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ एवढेच लिहितो. एकेकाने नीट मांडलेला मुद्दा मात्र नावासकट लिहावा लागतो, आणि पुढे न्यायालयात तोच कागद उपयोगी पडतो.

ते नेहमीचे चार-पाच जण, म्हणजे फायली वाचणारे, माहिती अधिकारात अर्ज घालणारे, सर्व्हे क्रमांक तोंडपाठ असलेले, यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यांनी गावे राखली आहेत. पण दोन तासांच्या सभेतला सव्वा तास त्यांचा आणि सरपंचाचा संवाद चालतो आणि बाकीचा गाव प्रेक्षक होतो, हे त्यांनाही आवडत नसावे.

आपल्याकडे जमण्याची परंपरा नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. पौषातल्या रात्री धालोंच्या गाण्या-नाचासाठी बाया मांडावर, म्हणजे त्यासाठी राखलेल्या अंगणात, जमतात तेव्हा काय घडते ते आठवावे. मांड सारवलेला असतो, पायातले काढून तिथे जायचे असते. समोरासमोर दोन रांगा होतात, एक रांग गाते आणि दुसरी उत्तर देते, त्यामुळे कोणी नुसते ऐकायला आलेले नसते. पुरुषांनी मध्ये यायचे नसते. मांड सांभाळणारी जाणती बाई सुरुवात कधी, विश्रांती कधी, शेवट कसा, हे बघते, आणि स्वतः मात्र गाण्यात फार पुढे पुढे करत नाही. घरात ज्यांचा आवाज ऐकू येत नाही अशा सुना तिथे नवऱ्याबद्दल, सासूबद्दल, दिवसभराच्या कष्टांबद्दल गाण्यातून मोकळेपणाने बोलतात. जागा आखलेली, नियम सगळ्यांना माहीत, राखण करणारी एक व्यक्ती आणि प्रत्येकीला वाटा. सभा चालवण्याचे शास्त्र म्हणून आज जे शिकवले जाते त्यातला मोठा भाग आपल्या आज्यांना ठाऊक होता.

पण दुसरा वारसाही आपलाच आहे. गावकरीत, म्हणजे गावची जमीन आणि कारभार सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेत, बसायचे ते गावच्या मूळ घराण्यांतल्या पुरुषांनी. बायांना तिथे जागा नव्हती, मुंडकारांना नव्हती, कष्टकरी जातींना नव्हती. १५२६ मध्ये आफोन्सो मेशियाने पोर्तुगीज सरकारसाठी गावांच्या चालीरीती लिहून घेतल्या, त्यांतही गावकऱ्यांच्या मानाचा क्रम आला आहे. तो मानपान आजही देवळांत, जत्रांत, शिगम्यात जिवंत आहे, आणि त्यावरून उत्सव बंद पडण्यापर्यंत वाद जातात. आपली ग्रामसभा कागदोपत्री घटनेची लेक आहे, पण तिचे वळण गावकरीचे आहे. पहिला मान कोणाचा, हे तिथे न बोलता ठरलेले असते.

या दोहोंच्या मध्ये साडेचारशे वर्षांची परकी सत्ता. सालाझारच्या काळात गोव्यात परवानगीशिवाय जाहीर सभा घेता येत नव्हती, लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरकडून पास करून घ्यावी लागे. १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांनी सभाबंदी मोडली, आणि तो दिवस आपण क्रांतिदिन म्हणून पाळतो. म्हणजे या राज्याच्या मुक्तीची सुरुवातच ‘आम्ही जमणार आणि बोलणार’ या हट्टातून झाली. जमण्याचा हक्क आपण एवढ्या मोलाने मिळवला, आणि जमल्यावर सभा कशी चालवायची हे शिकण्याकडे मात्र दुर्लक्ष केले. १९६१ नंतर शाळा आल्या, पंचायती आल्या, मंडळे आली. सूत्रसंचालन म्हणजे पाहुण्यांची ओळख, पुष्पगुच्छ आणि चारोळ्या, असा समज मात्र घट्ट झाला.

सभा चालवणे हे हाताचे काम आहे, ते बारीकसारीक गोष्टींत असते, म्हणून त्या गोष्टी सांगते.

सुरुवात खुर्च्यांपासून होते. व्यासपीठ उंच, त्यावर टेबल, टेबलामागे पंच आणि समोर शाळेच्या वर्गासारख्या रांगा, अशी मांडणी असली की सभेला आलेला माणूस अर्जदार होतो. पंचांनी खाली यावे, खुर्च्या अर्धवर्तुळात लावाव्यात, आणि मध्ये दोन वाटा मोकळ्या ठेवाव्यात म्हणजे माइक मागपर्यंत जाईल. सभागृह पहिल्या मजल्यावर असेल आणि जिना चढू न शकणारी माणसे गावात असतील तर सभा खाली शाळेत किंवा मैदानावरच्या मांडवात घ्यावी. जानेवारी २०२३ पासून पणजीत पर्पल फेस्ट भरतो, दिव्यांगांच्या स्वागतासाठी देशभर गोव्याचे नाव झाले आहे. ते स्वागत पंचायतीच्या जिन्याशी थांबू नये. लहान मुलांना सांभाळायला एक कोपरा आणि वापरता येण्याजोगे स्वच्छतागृह, एवढ्याने तरुण आयांची संख्या वाढते, हे मी माझ्या बैठकांत पाहिले आहे. रविवारी सकाळी साडेदहाला बाजार, चर्चमधली मिस्सा किंवा देवळातली पूजा आणि दुपारचे जेवण यांतून बाईला वेळ कुठून मिळायचा, हाही प्रश्न आहे. चार वाजताची सभा जास्त भरेल.

मग माइक. सभाचालकाने माइक कधीही हातातून पूर्ण सोडू नये आणि कधीही स्वतःकडे ठेवून घेऊ नये, हा माझा अनुभव. पहिला प्रश्न कोण विचारतो याला फार महत्त्व आहे. दहा देशांतल्या सुमारे अडीचशे विद्यापीठीय व्याख्यानांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिला प्रश्न पुरुषाने विचारला की पुढे स्त्रियांचे प्रश्न कमी होतात, असे त्यात दिसले. तिथे सगळ्या शिकलेल्या, इंग्रजीत बोलणाऱ्या संशोधक बाया होत्या. मग आपल्या गावातल्या बायांचे काय होत असेल? म्हणून पहिला हात मागच्या रांगेतला घ्यावा, आणि शक्यतो जी व्यक्ती गेल्या सभेत बोलली नाही तिचा. कोणाचे बोलणे एकदा झाले की सगळ्यांची एक फेरी होईपर्यंत त्याला दुसरी संधी देऊ नये. तीन मिनिटे म्हणजे तीन मिनिटे, सरपंचालाही. ज्याला उभे राहून बोलायचे नाही त्याच्यासाठी दाराशी एक पेटी असावी, चिठ्ठीवर नाव लिहिण्याची सक्ती नसावी, आणि त्या चिठ्ठ्या सभाचालकाने मोठ्याने वाचाव्यात.

‘बस सकयल’ ला उत्तर देणे ही या कामाची खरी पारख आहे. तिथे दुर्लक्ष चालत नाही. सभा थांबवायची, ते वाक्य कोणी म्हटले हे विचारत न बसता बाईकडे वळून सांगायचे, ‘वहिनी, तुमचे पूर्ण होऊ द्या, आम्ही ऐकतो आहोत,’ आणि तिचे पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या कोणाला माइक द्यायचा नाही. पुन्हा तसेच झाले तर नाव घेऊन सुनावायचे. हेच संरक्षण नावडत्या माणसालाही मिळाले पाहिजे. सगळा गाव प्रकल्पाच्या विरोधात असताना एक जण उठून ‘माझ्या मुलाला नोकरी हवी आहे’ असे म्हणतो तेव्हा त्याच्यावर तुटून पडणाऱ्यांना सभाचालकाने त्याच कठोरपणे थांबवले पाहिजे. चळवळीतल्या माझ्या मित्रांना हे पचत नाही. पण ज्या सभेत एकाच बाजूच्या माणसाला निर्धास्तपणे बोलता येते ती सभा उद्या दुसऱ्या बाजूच्या हाती गेली की आपल्यालाच तिथे उभे राहता येणार नाही.

भाषेचे म्हणाल तर ग्रामसभेत लोक कोकणीत बोलतात, सूचना कित्येक ठिकाणी मराठीत लागते आणि सरकारी पत्र इंग्रजीत येते. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणीला राजभाषेचा मान दिला आणि मराठीच्या वापरालाही वाव ठेवला. त्यावरचे वाद मी इथे उकरून काढत नाही. मला हवे आहे ते एवढेच की सभा उठण्याआधी इतिवृत्त लोकांच्या बोलीत वाचून दाखवावे आणि ‘मी हे असे म्हटले नव्हते’ असे सांगायची संधी प्रत्येकाला मिळावी.

हे सगळे स्वप्नरंजन आहे असे वाटत असेल तर केरळकडे पाहावे. १९९६ मध्ये तिथे लोकनियोजन मोहीम सुरू झाली तेव्हा राज्याच्या योजना निधीचा एक तृतीयांशाहून जास्त वाटा स्थानिक संस्थांकडे देण्याचे ठरले, आणि त्याबरोबर लोकप्रतिनिधी, अधिकारी आणि स्वयंसेवक मिळून लाखाच्या आसपास लोकांना प्रशिक्षण दिले गेले. ग्रामसभा भरली की थोड्या प्रास्ताविकानंतर ती विषयवार गटांत वाटली जाई: शेती, पाणी, शिक्षण, स्त्रियांचे प्रश्न. प्रत्येक गटात चर्चा पुढे नेणारा प्रशिक्षित माणूस आणि हातात प्रश्नांची यादी. भरल्या सभागृहात न बोलणारी व्यक्ती वीस जणांच्या गटात बोलते, हे तिथल्या लोकांनी ओळखले. महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. आणि तमिळनाडूतल्या ग्रामसभांच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास झाला तेव्हा दिसले की स्त्रिया कमी बोलतात आणि बोलल्या तरी अधिकारी त्यांना मुद्द्याला धरून उत्तर देण्याची शक्यता कमी असते. पंचायतीची अध्यक्ष स्त्री असेल तिथे हे चित्र सुधारते. खुर्चीवर कोण बसले आहे याने सभेचा पोत बदलतो, हे अनुभवाने माहीत होतेच. त्याला आता पुरावा आहे.

‘गावात सगळे एकमेकांचे नातेवाईक, त्रयस्थ माणूस आणायचा कुठून?’ हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारला जातो. उत्तर गोव्याच्या आकारातच आहे. सत्तरीतली निवृत्त शिक्षिका तासाभरात फोंड्याला पोचते, पेडण्यातला ग्रंथपाल डिचोलीत येऊ शकतो. आपल्या तालुक्यात कोणी सभा चालवायची नाही, एवढा एक नियम पुरे. निवृत्त शिक्षक, ग्रंथपाल, समाजकार्य शिकलेले तरुण, बचत गट चालवून तयार झालेल्या बाया, अशी शे-दोनशे माणसे राज्यात सहज मिळतील. जुने गोवे येथे गिपार्ड ही प्रशासनाचे प्रशिक्षण देणारी सरकारी संस्था आहेच. तिथे निधी कसा खर्च करायचा आणि नियम कोणते हे पंचांना शिकवतात, तसे सभा चालवण्याचे वर्गही व्हावेत. खर्च प्रवासभाडे आणि मानधनाचा. एखाद्या कार्यक्रमाच्या ध्वनियोजनेवर पंचायत याहून जास्त खर्च करते.

कायदा आड येईल का? अध्यक्ष सरपंच आहे आणि तोच राहील. अध्यक्षाने सभेच्या सुरुवातीला सगळ्यांसमोर सभेचे संचालन दुसऱ्याकडे सोपवायचे आणि स्वतः उत्तरे द्यायला बसायचे, एवढीच ही गोष्ट आहे. पुढे अनुभव आला की नियमांत ती लिहून घ्यावी. प्रामाणिक सरपंचाला यात सुटका आहे, असे मला वाटते. आज त्याला आरोप ऐकायचे, त्यांना उत्तर द्यायचे, गोंधळ आवरायचा आणि वेळेवर लक्ष ठेवायचे असते. चांगल्या मनाच्या माणसालाही ते एकाच वेळी जमणार नाही. आरक्षित जागेवर निवडून आलेल्या आणि ज्यांचे नवरे मागून सूत्रे हलवतात अशा महिला सरपंचांना तर याची फारच गरज आहे. ‘प्रश्न सरपंचांना विचारला आहे, उत्तर त्याच देतील,’ हे सभेत त्रयस्थ माणसाने म्हटले की नवऱ्याला उठता येत नाही.

काही ठिकाणी हेही पुरणार नाही. खाणपट्ट्यातली गावे घ्या. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. एका घराने कर्ज काढून ट्रक घेतलेला, शेजारच्या घराचे शेत खनिजमातीने गाडलेले, आणि दोघांचे आजोबा एकच. अशा गावात एका सभेतून काही निष्पन्न होत नाही. तिथे आधी दोन्ही बाजूंना वेगवेगळे भेटावे लागते, दोघांच्याही घरी जेवावे लागते, मग एकत्र बसवावे लागते, आणि तरीही भांडण मिटेल याची खात्री नसते. निदान मारामारी न होता एकमेकांचे ऐकले गेले, तर मी त्याला यश म्हणते.

मोबाइलचा प्रश्नही मला सुटलेला नाही. ग्रामसभेचे थेट चित्रण आता गावोगाव होते, त्यामुळे सरपंचाला आपला शब्द फिरवता येत नाही, आणि हा मोठा आधार आहे. पण तेच चित्रण पाहून दुबईतल्या दिराचा फोन येतो आणि सून पुढच्या सभेला येत नाही. पंच आणि अधिकारी यांच्यावर कॅमेरा कायम असावा, बोलणाऱ्या गावकऱ्यावर त्याला विचारूनच, असे मी सुचवते. यापेक्षा चांगला तोडगा कोणाकडे असेल तर तो पुढे यावा.

आणि भाड्याच्या खोल्यांतली माणसे. वीस वर्षे गावात राहून, गावचा कचरा उचलून, गावच्या घरांना गिलावा करून ज्यांची नावे मतदार यादीत नाहीत त्यांना कायद्याने ग्रामसभेत मत नाही. मत देऊ नका. पण नळाला पाणी त्यांच्याही येत नाही, तेव्हा ऐकून घ्यायला दहा मिनिटे ठेवायला काय हरकत आहे? गोव्याबाहेर, आखातात आणि युरोपात भाड्याच्या खोल्यांत राहून आलेल्यांच्या या भूमीला ते समजायला हवे.

सभा नीट न चालवण्याचा भुर्दंड सरकारलाही बसतो. किनारपट्टी व्यवस्थापन आराखड्यावरची जनसुनावणी मार्च २०२१ मध्ये झाली, लोकांना म्हणणे मांडायला पुरेशी संधी मिळाली नाही ही तक्रार हरित लवादापर्यंत गेली, आणि जुलैमध्ये ती पुन्हा घ्यावी लागली. दोन दिवस जास्त दिले असते, प्रत्येकाला पाळी येईल अशी व्यवस्था आधीच ठेवली असती, तर महिने वाचले असते.

येत्या ऑक्टोबरच्या ग्रामसभांपासून प्रत्येक तालुक्यातल्या दोन पंचायतींत हा प्रयोग करावा, अशी माझी मागणी आहे. गटविकास अधिकाऱ्यांनी त्या पंचायतींच्या इतिवृत्तात तीन आकडे लिहायला लावावेत: किती जण बोलले, त्यांत स्त्रिया किती, आणि पहिल्यांदाच बोललेले किती. सभाचालकाला पुढच्या वेळी बोलवायचे की नाही, हे सभा संपताना हात वर करून ग्रामसभेनेच ठरवावे. वर्षभरात चार सभा होतील. तेवढ्यात ते आकडे हलले नाहीत तर मी माझा आग्रह मागे घेईन. हलले, तर उरलेल्या पंचायतींना ही व्यवस्था नाकारण्याचे काय कारण आहे, ते त्यांच्या सरपंचांनी आपापल्या ग्रामसभेत उभे राहून सांगावे.